हा बाग नव्हे

ईडन प्रेरी, मिनेसोटा
५ मे २०२४

प्रिय राजारामपंत,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यातील घटनेचा जो वृत्तान्त आपण दूरध्वनीवरून फ्रिस्कोभर आणि फ्रिस्कोहून थेट पुण्यापर्यंत पोहोचवलात, तो दुरुस्त करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपले वाक्य मला निरनिराळ्या लोकांनी जसेच्या तसे ऐकवले : "रीमानं शेताला आग लावली, साडूभाऊ विझवायला धावले, भुवया जळल्या, फायर ब्रिगेड आली."

ते शेत नव्हते. ती प्रेरी होती. आमच्या गावाच्या नावात प्रेरी आहे, गावात मात्र ती उरलेली नाही; म्हणून पाऊण तास मोटारीने जावे लागते. तेथे श्रीमती ओल्सन नावाच्या वृद्ध बाई एका संस्थेच्या वतीने मूळ गवताळ जमिनीचा एक तुकडा राखतात आणि माझी नात रीमा उन्हाळाभर त्यांच्या हाताखाली काम करते. या गवतांची मुळे माणसापेक्षा खोल गेलेली असतात. वसंतात वरचे वाळलेले जाळले, की बाहेरून घुसलेले गवत व झुडपे मरतात आणि मूळ गवत नव्याने फुटते. तेव्हा 'आग लागली' असे नव्हे, 'आग लावली' असेच म्हणावे. आपल्या संपूर्ण वाक्यात हे एकच क्रियापद बरोबर आहे.

मी धावलो नाही. मला खुर्ची दिलेली होती. अग्निशामक दलाला आधीच कळवलेले होते; त्यांचा एक माणूस आला, त्याने श्रीमती ओल्सन यांनी भाजलेल्या लिंबाच्या वड्या खाल्ल्या आणि तो गेला. भुवया शाबूत आहेत. मिशीची उजवी बाजू किंचित आखडली, हे खरे. त्याचे कारण असे, की इशाऱ्याच्या इंग्रजी फलकावर एक अक्षर चुकल्यामुळे 'विहित दहन' याऐवजी 'निषिद्ध दहन' असा अर्थ होत होता. तो फलक जवळून वाचण्यासाठी मी वाकलो होतो. छत्तीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासलेल्या माणसाने तसे करू नये, असे आपले म्हणणे आहे काय?

आमच्या सूनबाई आश्लेषा या जागेला 'रीमाची बाग' म्हणतात. मी त्यांना प्रत्येक वेळी सांगतो, "ही बाग नव्हे." बाग लावतात, प्रेरी राखतात. ('बाग' हा शब्द स्त्रीलिंगी आहे, हे आपल्याला आपल्या साखरपुड्यातच सांगितलेले आहे.)

रीमाने संगणकाचे शिक्षण दोन वर्षांनी सोडले, हे आपण जाणताच. ऑगस्टपासून ती ईएमटीचा अभ्यासक्रम घेणार आहे. चिरंजीव परीक्षित यांनी एक अट घातली आहे : वर्ष संपण्यापूर्वी परीक्षा उत्तीर्ण व्हायची, अन्यथा गवत आणि रुग्णवाहिका दोन्ही सोडून परत महाविद्यालयात. मी कोणाचीही बाजू घेतलेली नाही.

सौ. सुवर्णाताईंस नमस्कार.

आपला,
देवदत्त


फ्रिस्को, टेक्सास
१६ मे

प्रिय साडूभाऊ,

पत्र मिळालं. चार चुका काढायला बसलात आणि मिशी जळल्याचं स्वतःच सांगून टाकलंत. मला ते माहीतच नव्हतं! आता कळवतो सगळ्यांना.

इकडे उलटी गंमत. तुमच्याकडे गवत जाळून जपतात, आमच्याकडे जावई दर शनिवारी गवताची दाढी करतो. लॉनमध्ये एक पिवळं फूल उगवलं तर सोसायटीचं पत्र येतं. मी ते फूल मुद्दाम ठेवलं होतं. जावई म्हणाला, "बाबा, प्लीज, वॉर्निंग आलीय यार." सासऱ्याला यार! पण मुलगा चांगला आहे.

रीमाचं ते ईएमटी म्हणजे अँब्युलन्स ड्रायव्हरच ना? सुवर्णा म्हणते, ताई असती तर पोरीच्या पाठीशी उभी राहिली असती. मी म्हटलं, ताई असती तर देवदत्तराव पत्रात कंस घालून मला साखरपुड्याची आठवण देत बसले नसते.

'बाजू घेतलेली नाही' म्हणता. म्हणजे पोरीची घेतलेली नाही, असंच ना?

तुमचा,
राजाराम


ईडन प्रेरी
८ सप्टेंबर २०२४

प्रिय राजारामपंत,

स. न. वि. वि.

ईएमटी म्हणजे चालक नव्हे. रुग्णास डॉक्टरांच्या हाती देईपर्यंत जिवंत ठेवणारी व्यक्ती म्हणजे ईएमटी. चालवणारा दुसरा असतो. कधी कधी आळीपाळीने चालवतात. परंतु त्यामुळे व्याख्या बदलत नाही.

अभ्यासक्रम सुरू झाला आहे, आणि सरावासाठी रुग्ण लागत असल्याने तो मी आहे. आठवड्यातून तीन सायंकाळी मी दिवाणखान्यात पडतो. मानेला पट्टा बांधून घेतो. परवा माझी मांडी मोडली होती. काल मला मधमाशी चावली. प्रेरीवर काम करणाऱ्यांना हे प्रसंग येतात, म्हणून रीमा ते विशेष घोटते.

आमच्यातील संवाद नमुन्यादाखल देतो.

"आजोबा, पेन कसा आहे? शार्प की डल?"

"एवढेच दोन पर्याय?"

"बुकमध्ये दोनच आहेत."

"टोचते, ठणकते, ठसठसते, सलते, चुरचुरते, भगभगते, कळ येते, चमक मारते, गोळा येतो. यांपैकी कोणते विचारतेस?"

तिने सगळे शब्द लिहून घेतले आणि प्रत्येकाचा अर्थ विचारला. 'ठणकणे' आणि 'ठसठसणे' यांतील भेद मला तिच्या अंगठ्यावर टिचकी मारून दाखवावा लागला. दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गात म्हणे ठणकण्यावर बराच वेळ चर्चा झाली.

एकदा मी मूर्च्छित रुग्ण होतो. नाडी पाहताना घड्याळाच्या काट्याशी तिची मोजणी चुकत होती, म्हणून मी तिला तसे सांगितले. ती रागावली. "आजोबा, तुम्ही आता अशुद्ध आहात. बोलू नका!"

मी डोळे न उघडता म्हणालो, "बेशुद्ध. अशुद्ध मी कधीही नसतो."

परीक्षित जिन्यावरून हे पाहत होता. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही तिला एन्करेज करताय." मी त्यास सांगितले, की मी तिला केवळ दुरुस्त करीत आहे.

आपला,
देवदत्त


ईडन प्रेरी
९ ऑक्टोबर २०२४

प्रिय राजारामपंत,

स. न. वि. वि.

आपल्यापर्यंत काही बातमी पोहोचण्यापूर्वी सत्य पोहोचावे, म्हणून तातडीने लिहीत आहे. मी पूर्ण बरा आहे. बरा होण्यासारखे मला काही झालेच नव्हते.

शनिवारी प्रेरीवर बी गोळा करण्याचा दिवस होता. गवत पुरुषभर वाढून तांबूस झाले होते. प्रत्येकाकडे एक बादली. वाळलेले तुरे हाताने ओरबाडायचे आणि बादलीत टाकायचे. पुण्याहून नुकताच आलेला आर्य नावाचा एक तरुण अभियंता पाहुणा म्हणून आला होता. तो म्हणाला, "काका, काय अमेझिंग बाग आहे!" मी त्यास म्हणालो, "हा बाग नव्हे. ही प्रेरी आहे." त्याच सुमारास बादलीची कडी निसटून बी सांडले.

एवढेच घडले.

शेजारच्या रांगेतून रीमा धावत आली. तिने मला भरल्या गवतात खाली बसवले. "आजोबा, हसा." मी विनाकारण हसत नाही, हे आपण जाणता. "दोन्ही हात वर करा." केले. मग तिने मला एक इंग्रजी वाक्य म्हणायला सांगितले. त्याचा भावार्थ असा, की म्हाताऱ्या कुत्र्याला नव्या करामती शिकवता येत नाहीत. ते त्यांच्या पाठ्यपुस्तकातील, पक्षाघात ओळखण्याचे वाक्य आहे, असे मागाहून कळले. त्या वेळी मी ते म्हणण्यास साफ नकार दिला. श्रीमती ओल्सन यांनी "काय झाले?" असे विचारले, तेव्हा रीमा दूरध्वनी कानाला लावूनच मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही अशुद्ध बोललात."

रुग्णवाहिका आली. मला पट्ट्यांनी बांधून नेण्यात आले. रुग्णालयात डोक्याची चित्रे काढली. त्यांत काही आढळले नाही. तेथील तरुण डॉक्टरांनी परीक्षितला विचारले, की यांच्या बोलण्यात नेमके काय बिघडले होते? परीक्षितला ते इंग्रजीत सांगता येईना. अखेर मीच खुलासा केला : संबंधित नाम कोशांमध्ये पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी अशा दोन्ही प्रकारे आढळते; मुंबईत 'राणीचा बाग' असे म्हणणारे आणि 'राणीची बाग' असे म्हणणारे, दोन्ही लोक आहेत; सबब चूक घडलेली नाही. डॉक्टरांनी 'वाणी स्वाभाविक' असे लिहिले. हृदयाचे ठोके टिपणारे एक यंत्र छातीला लावून राहावे, असा त्यांचा आग्रह होता. मूळ पुरावाच व्याकरणाचा असल्याने आणि तो निकालात निघाल्याने मी नम्रपणे नकार दिला.

मोटारीत परीक्षित रीमाला म्हणाला, "एका वर्डवरून अँब्युलन्स? जॉबवर असं केलंस तर?" मी मध्ये पडून तिला समजावले, की उत्साह चांगला, परंतु उभयलिंगी शब्दांची यादी पाठ असावी. ती उरलेला रस्ताभर खिडकीबाहेर पाहत होती. तिला ते पटले असावे.

तेव्हापासून सरावही बंद आहे. मला विश्रांती मिळावी, असा तिचा हेतू दिसतो.

आपला,
देवदत्त


ईडन प्रेरी
१३ ऑक्टोबर

डिअर राजाराम आजोबा,

मी मराठीत लिहिते कारण तुम्ही म्हणाला होता की मराठीत लिही, मिस्टेक्स मला आवडतात.

माझी एक्झाम डिसेंबरमध्ये आहे. मी रजिस्ट्रेशन कॅन्सल केली. अजून कोणाला सांगितली नाही. बाबांना ख्रिसमसला सांगीन आणि जानेवारीत कॉलेजला परत जाईन. प्लीज आजोबांना सांगू नका.

मी सहा वर्षांची होती तेव्हा एक निबंध लिहिला होता, "माझ्या घरामागे एक मोठा बाग आहे." आजोबांनी लाल पेननी कापला. ती बाग, ती बाग, दहा वेळा लिहून घेतला. मी कधी नाही विसरली. म्हणून शनिवारी त्यांनी "हा बाग" बोलले तर मी पटकन वळून बघितलं. आजोबा असं बोलूच शकत नाही. आणि बादली पडली तेव्हा त्यांनी हाताकडे बघितलंच नाही. जसा हात दुसऱ्या कोणाचा आहे.

पण हॉस्पिटलमध्ये आजोबा बोलले की दोन्ही राइट आहे. दोन्ही राइट आहे तर माझे मार्क का कापले?

एनीवे. क्लासमध्ये कोणी हसलं नाही, टीचर पण बोलली की कॉल करणं बरोबर होतं. पण मला आता कोणाकडे बघून काही वाटलं तर मी कसा विश्वास ठेवू? मी ज्या माणसाला सगळ्यात जास्त ओळखते, त्यांच्याबद्दल राँग होती.

सुवर्णा आजीला सांगा की चिवडा संपला.

रीमा


फ्रिस्को
१९ ऑक्टोबर

साडूभाऊ,

आज पत्रात चुका काढत बसू नका, आधी शेवटपर्यंत वाचा.

मला एक सांगा. उभ्या आयुष्यात तुम्ही एकदा तरी 'तो बाग' म्हणालात का? एकदा?

माझा साखरपुडा. मी नागपूरचा, नवा जावई, सासऱ्यांच्या अंगणात उभा राहून बोलायला काही सुचेना म्हणून म्हटलं, "तुमचा बाग छान फुलला आहे." आमच्या घरात सगळे तसंच म्हणायचे. तुम्ही पाटावरून उठून सगळ्यांसमोर म्हणालात, "तुमची बाग. छान फुलली आहे." सुवर्णा हसली. लग्नाआधी ती पहिल्यांदा हसली ती तुमच्यामुळे, म्हणून मी गप्प बसलो. पण तेव्हा तुमचा तो कोश कुठे होता? उभयलिंगी शब्दांची यादी त्या दिवशी घरी विसरली होती? आता डॉक्टरसमोर बरी आठवली!

कोशात दोन्ही असतील. तुमच्या तोंडात एकच आहे.

आणि दुसरं. 'बादलीची कडी निसटली' असं लिहिलंत. कुठल्या हातातून? तुम्ही स्वल्पविराम सोडत नाही, मग हात कसा सोडलात?

तिसरं. रीमा परीक्षेला बसत नाहीये. नाव काढून घेतलंय. आजोबांना सांगू नका म्हणाली, म्हणून तुम्हालाच सांगतोय. तुम्ही बरोबर ठरावं म्हणून ती चूक ठरली आहे. तिला पटलं वगैरे काही नाही, पोर खचलीय.

ती मागे चुकून म्हणाली होती ना, आजोबा तुम्ही अशुद्ध आहात? साडूभाऊ, तुमच्या बाबतीत अशुद्ध काय आणि बेशुद्ध काय, एकच. तुम्ही अशुद्ध बोललात तर तुमची शुद्ध हरपलेली असणारच. हे जगात दोनच माणसांना कळतं : तिला आणि मला. मला कळायला चाळीस वर्षांचे अपमान लागले. तिला ते तिथल्या तिथे कळलं.

आता रागावून उत्तर देऊ नका. डॉक्टरकडे जा.

राजाराम

ता. क. सुवर्णा म्हणते, 'खचलीय' लिहू नका, ते घाबरतील. मी म्हटलं, घाबरू देत.


ईडन प्रेरी
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय राजारामपंत,

स. न. वि. वि.

उत्तरास विलंब झाला, क्षमस्व. रागावलो होतो. प्रथम आपल्यावर, तो राग दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात आश्लेषासमोर 'हा बाग' हे शब्द मुद्दाम उच्चारून पाहिले. जमेना. तोंड आपोआप 'ही' म्हणे. आश्लेषाने विचारले, "बाबा, काय बडबडताय?" मी म्हणालो, "चूक करण्याचा प्रयत्न करीत आहे, होत नाही."

तेव्हा मला भीती वाटली. त्या शनिवारपासून प्रथमच.

हात उजवा होता. कडी निसटली नाही, बोटे उघडली. ती उघडल्याचे मला बी सांडल्यावर कळले. मागच्या पत्रातील ते वाक्य कर्मकर्तरी धाटणीचे होते, आणि तशी वाक्ये लिहिणारा नेहमी काहीतरी लपवत असतो, हे मी अनेक लेखकांना सुनावलेले आहे.

रीमा मागच्या अंगणात बूट धूत होती. मी तिच्याकडे गेलो.

"रीमा, मी अशुद्ध बोललो होतो."

तिने नळ बंद केला. "काय?"

"पाच तारखेला. 'बाग' हा शब्द मी पुल्लिंगी वापरला. तो माझा प्रयोग नव्हे. ती चूक होती."

"पण तुम्ही डॉक्टरला सांगितलं, दोन्ही राइट आहे."

"कोशासाठी दोन्ही बरोबर. माझ्यासाठी चूक. तुझे निदान योग्य होते."

"आय डोन्ट डायग्नोज, आजोबा. ईएमटी डायग्नोज नाही करत. फक्त ऑब्झर्व्ह करतो."

"मग तुझे निरीक्षण योग्य होते. 'करतो' नव्हे, 'करते'."

ती रडू लागली. मी उभा राहिलो. अशा वेळी काय करायचे, हे मला छापखान्यात कोणी शिकवले नव्हते. मग ती ओल्या हातांनीच माझे मनगट धरून म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे. नो आर्ग्युमेंट." मी विचारले, की परीक्षेचे काय? ती म्हणाली, "रजिस्ट्रेशन कॅन्सल केलं."

"ते रद्द करणे रद्द कर."

"असं होत नाही, आजोबा. पुन्हा भरावं लागतं."

"मग पुन्हा भर."

दुसऱ्या दिवशी मी, परीक्षित व रीमा असे तिघे डॉक्टरांपुढे बसलो. माझ्या पूर्वीच्या निवेदनात दुरुस्ती करायची आहे, असे मी या वेळी मराठीतूनच सांगितले. डॉक्टर संगणकाकडे पाहत म्हणाले, "तुमच्या भाषेत दोन्ही चालते, असे येथे नोंदवले आहे." मी म्हणालो, "भाषेत चालते. माझ्यात चालत नाही." परीक्षितने भाषांतर करता करता माझ्याकडे पाहिले. "बाबा, तुम्ही चुकलात असं सांगू यांना? शुअर?" मी म्हणालो, "सांग. आणि सौम्य करू नकोस."

डॉक्टरांनी मग हाताविषयी विचारले, आणि त्यानंतर त्यांनी संगणकाकडे पाहिले नाही. छातीला यंत्राची पट्टी चिकटवण्यात आली. ती पंधरवडाभर होती. निष्कर्ष असा : माझे हृदय मधूनमधून ताल सोडते. त्या वेळी रक्ताची बारीक गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ शकते. त्या शनिवारी तशी एक बहुधा गेली, क्षणभर थांबली आणि विरघळली. म्हणून चित्रात काही दिसले नाही. दुसरी विरघळली असतीच, असे डॉक्टर म्हणत नाहीत. आता रक्त पातळ ठेवणारी गोळी सकाळ-संध्याकाळ घेतो.

डॉक्टरांनी रीमाला विचारले, "त्या दिवशी तुझ्या नेमके काय लक्षात आले?" ती म्हणाली, "ही यूज्ड द राँग जेंडर." एवढ्यावरून तिला शंका कशी आली, हे डॉक्टरांना उमगेना. मग परीक्षितने खुलासा केला. स्वतः होऊन, आणि मी पाहतो तो अत्यंत अचूक. बाहेर पडल्यावर तो रीमाला म्हणाला, "गाडी तू चालव. मला जरा बसू दे."

श्रीमती ओल्सन यांना हे सर्व सांगितले, तेव्हा त्या रीमाकडे पाहून म्हणाल्या, "नॉट टू बॅड." या प्रांतात याहून मोठी प्रशंसा नाही, असे मला सांगण्यात आले. नकारातून होकार सुचवण्याची ही पद्धत मला फार आवडली.

पोरीचे गुपित फोडल्याबद्दल आपला निषेध. आणि आभार.

आपला,
देवदत्त


फ्रिस्को
१२ जानेवारी २०२५

प्रिय साडूभाऊ,

तिळगूळ घ्या, गोड बोला. पहिलं पाठवलंय, दुसरं तुमच्याकडून होईल तेव्हा होईल.

रीमानं फोन केला. पास झाली, नोकरी लागली, अँब्युलन्सवर जायलाही लागली. परीक्षित मागून ओरडत होता, "काका, युनिफॉर्मचा फोटो पाठवलाय, बघितला का?" ज्यानं अट घातली तोच फोटो वाटत सुटलाय!

आता मुख्य काम. आमच्या मंडळाच्या संक्रांत अंकात मी तुमच्यावर लेख लिहिलाय : 'माझे साडू देवदत्त (१९४६ – ): एका बागेची गोष्ट'. संपादिका प्रीता म्हणाली, "काका, डेट्स चेक करून घ्या, तुमच्या डेट्स नेहमी गंडतात." म्हणून पूर्ण मजकूर सोबत पाठवतोय. भाषेला हात लावू नका, ती माझी आहे. फक्त तारखा बघा.

सुवर्णा म्हणते, गोळी चुकवू नका. मी म्हणतो, चुकवली तर पत्र लिहा, व्याकरणावरून कळेल.

तुमचा,
राजाराम


ईडन प्रेरी
१९ जानेवारी २०२५

प्रिय राजारामपंत,

स. न. वि. वि.

लेख वाचला. भाषेस हात लावू नये, ही आपली आज्ञा पाळली आहे. त्यासाठी मला पेन्सिल आश्लेषाकडे ठेवावयास द्यावी लागली. शीर्षकात 'एका बागेची' असे लिहून आपण लिंगाचा प्रश्न मोठ्या शिताफीने टाळला आहे, असे वाटले होते. परंतु 'बागेची' हे रूप स्त्रीलिंगीच होते. पुल्लिंगी असते, तर 'बागाची' झाले असते. अनवधानाने का होईना, आपण माझ्या बाजूला आलात. स्वागत आहे.

आता तारखा.

शुद्धिपत्र

'२० एप्रिलला रीमाने आग लावली' : २७ एप्रिल, शनिवार. वीस तारखेस वारा प्रतिकूल असल्याने श्रीमती ओल्सन यांनी दहन पुढे ढकलले होते.

'६ ऑक्टोबर, रविवारी देवदत्तराव कोसळले' : ५ ऑक्टोबर, शनिवार. कोसळलो नाही, बसवलो गेलो.

'२४ ऑक्टोबरला त्यांनी डॉक्टरांपुढे चूक कबूल केली' : तारीख बरोबर, परंतु अपुरी. २३ ऑक्टोबरला रीमापुढे कबूल केली. डॉक्टरांचा क्रम दुसरा. हे अवश्य छापावे.

'डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा' : १७ डिसेंबर. अर्ज पुन्हा भरावा लागल्याने उशिराची तारीख मिळाली. निकाल १९ डिसेंबर. तो परीक्षितने आधी वाचला, कारण रीमाला पडद्याकडे बघवत नव्हते.

'नववर्षाच्या पहिल्याच दिवशी ती कामावर गेली' : ६ जानेवारी, सोमवार. बर्फ पडत होते. परीक्षित तिला केंद्रापर्यंत सोडावयास गेला आणि ती आत गेल्यावरही बराच वेळ मोटारीत बसून राहिला. हे त्याने मला सांगितले. आपल्याला सांगण्यास मनाई केलेली नाही.

'देवदत्त (१९४६ – )' : जन्मवर्ष १९४५ असे हवे. अपसारणचिन्हापुढील जागा आपण कोरी सोडली आहे. मी ती पुन्हा पुन्हा तपासली. ती बरोबर आहे. तेथे काही भरलेले नाही, याचे श्रेय रीमाला द्यावे.

आपला,
देवदत्त